आधी कान, मग माइक

हौशी रेडिओचा परवाना घेणाऱ्या बऱ्याच जणांची सुरुवात सारखीच होते. परीक्षेचा अभ्यास उत्साहाने होतो, ओहमचा नियम आणि संकेतांची यादी तोंडपाठ होते, परवान्याची वाट पाहण्यात काही महिने जातात आणि एक दिवस ‘व्हीयू३’ने सुरू होणारी स्वतःची कॉलसाइन हातात पडते. हातसंच विकत घेतला जातो, रात्रभर चार्ज होतो. आणि मग बोलण्याचे बटण काही दाबले जात नाही.

आमचेही तसेच झाले. आम्ही तिघे शिक्षक. तिघांची मिळून खडू हातात धरण्याची पन्नासएक वर्षे सहज भरतील. पण त्या बटणावर अंगठा ठेवून पहिले तीन दिवस आम्ही एकमेकांकडे पाहत बसलो. वर्गात बोलताना समोर तोंडे दिसतात. इथे कोण ऐकते आहे, किती जण ऐकत आहेत, कोणी ऐकते तरी आहे का, काहीच कळत नाही. चुकलो तर सगळ्या शहरासमोर चुकणार, ही भीती वेगळीच.

ज्यांना हा विषय अगदी नवा आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पैसे मिळवण्यासाठी नव्हे, तर आवड म्हणून रेडिओलहरींचे प्रयोग करणाऱ्या आणि त्यांवरून एकमेकांशी बोलणाऱ्या मंडळींना जगभर ‘हॅम’ म्हणतात. आपल्याकडे यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही ती देता येते. परवान्याचे मर्यादित आणि सर्वसाधारण असे दोन वर्ग आहेत. पहिल्यात मॉर्स येण्याची अट नाही, दुसऱ्यात आहे. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी विभागाचे ताजे परिपत्रक वाचावे हे बरे. आम्हाला इथे लिहायचे आहे ते परीक्षेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांबद्दल, कारण त्यांबद्दल पुस्तकांत फारसे काही नसते आणि बरेच संच याच काळात कपाटात जाऊन बसतात.

दारावरची टकटक

चौथ्या दिवशी आमच्यापैकी एकाने धीर करून कॉलसाइन सांगितली. उत्तर नाही. पुन्हा सांगितली. नाही. दोन दिवस आम्ही सकाळ-संध्याकाळ हाका मारत होतो. इतरांचे बोलणे मात्र स्वच्छ ऐकू येत होते. ही मंडळी नवख्यांना मुद्दाम टाळतात, असा निष्कर्षही आम्ही काढून टाकला. शेवटी एक जुने हॅम घरी आले, त्यांनी संचाच्या पडद्याकडे पाहिले आणि हसू लागले. आम्ही टोन लावलाच नव्हता.

हे समजून घेण्यासाठी आधी रिपीटर समजून घ्यायला हवा. दोन मीटरच्या पट्ट्यातल्या, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण प्रकाशासारख्या सरळ जातात. पृथ्वी गोल असल्याने त्या किती दूर पोहोचणार हे अँटेनाच्या उंचीवर ठरते. यासाठी एक सोपे सूत्र आहे. उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१२ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येते. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातल्या संचाची उंची दीड मीटर धरली तर हे अंतर जेमतेम पाच किलोमीटर भरते. समोरचाही तसाच उभा असेल तर दोघांचे मिळून दहा. मध्ये इमारती असतील तर तेही नाही. आता सिंहगडाचे गणित करून पाहा. गड पुण्याच्या जमिनीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे. वर्गमूळ सत्तावीसच्या थोडे वर, आणि अंतर शंभर किलोमीटरच्या पलीकडे. वर्गमुळे शिकवताना मुले ‘हे कशाला’ म्हणून विचारतात. त्यांना हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

म्हणून हॅम मंडळी उंच जागी एक संच कायमचा बसवतात. तो एका वारंवारतेवर ऐकतो आणि ऐकलेले त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर मोठ्या आवाजात पुढे पाठवतो. हा रिपीटर. दोन मीटरच्या पट्ट्यात दोन्ही वारंवारतांमध्ये बहुधा ६०० किलोहर्ट्झचे अंतर असते, आणि ते संचात लावून ठेवावे लागते. शिवाय कुठल्याही भरकटलेल्या खरखरीने रिपीटर जागा होऊ नये म्हणून बोलण्याच्या खाली एक मंद स्वर सतत पाठवण्याची पद्धत आहे. हा स्वर ६७ ते साधारण २५० हर्ट्झमधला ठरावीक असतो. घरच्या माणसाने दारावर ठरलेली टकटक करावी तसा. टकटक नसेल तर दार उघडत नाही. आम्ही दोन दिवस बंद दारासमोर भाषण करत होतो.

तेव्हा रिपीटरवर उत्तर आले नाही तर रागावण्यापूर्वी वारंवारतेचे अंतर आणि टोन तपासावा. आणि बटण दाबल्यावर एक सेकंद थांबून बोलावे. रिपीटरला जागे व्हायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात तुमच्या कॉलसाइनचे पहिले अक्षर गिळले जाते.

ब बदकाचा, भ भटजीचा

त्या जुन्या हॅमनी जाताना एक अट घातली. पंधरा दिवस संच रोज संध्याकाळी लावायचा, वही घेऊन बसायचे, जे ऐकू येईल ते लिहायचे, बोलायचे नाही. आम्हाला हा प्रकार शिक्षेसारखा वाटला. पण या छंदातले सगळ्यात मोलाचे जे काही शिकलो ते याच पंधरा दिवसांत शिकलो.

पहिल्या संध्याकाळी वहीत लिहिलेल्या दहा कॉलसाइनांपैकी निम्म्या चुकलेल्या होत्या. बी आणि डी, पी आणि टी, एफ आणि एस यांची सरमिसळ झालेली होती. याचे कारण शोधू लागलो तेव्हा ध्वनीचा चांगला धडा हाती लागला. माणसाच्या बोलण्यात स्वरांची ताकद खालच्या वारंवारतांमध्ये असते. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख मात्र बरीचशी चार हजार हर्ट्झच्या आसपास आणि वर असते. लघुलहरींवर बोलण्यासाठी वापरतात तो संच जागा वाचवण्यासाठी साधारण ३०० ते २७०० हर्ट्झ एवढाच तुकडा पाठवतो. म्हणजे स्वर पोहोचतात आणि व्यंजने वाटेत गळतात. एफ आणि एस यांतला फरक ज्या भागात आहे तो भाग पाठवलेलाच नसतो. मग कानाने कितीही ताण दिला तरी तो ऐकू येणार कसा?

यावर उपाय म्हणून प्रत्येक अक्षरासाठी एक पूर्ण शब्द ठरवला आहे. ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो, डी म्हणजे डेल्टा, एफ म्हणजे फॉक्सट्रॉट, एस म्हणजे सिएरा. आज वापरात असलेली ही वर्णमाला आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९५६ साली लागू केली. इंग्लिश, फ्रेंच आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या तोंडी आणि कानी हे शब्द तपासून मगच ते नक्की केले गेले. शब्द लांब असल्याने त्यातला एखादा तुकडा गळला तरी उरलेल्यावरून अक्षर ओळखता येते.

ही युक्ती आपल्याला नवी नाही. ‘ब बदकाचा, भ भटजीचा’ म्हणत आपण अक्षरे शिकलो ती हीच गोष्ट. तिचा वर्गात एक छान प्रयोग करता येतो आणि त्याला ना परवाना लागतो ना संच. ब, भ, प, फ, द, ध, ड, ढ अशी अक्षरे उलटसुलट क्रमाने वीस वेळा लिहून एका मुलाला द्या. त्याला वर्गाबाहेर भिंतीआड उभे करा, तोंडावर जाड रुमाल धरायला सांगा, वर्गातले पंखे पूर्ण वेगाने लावा आणि त्याला यादी वाचू द्या. आत बसलेली मुले लिहितील. चुका मोजा. मग तीच परीक्षा नव्या यादीने घ्या, पण या वेळी ‘बदकाचा, भटजीचा, पतंगाचा’ असे म्हणायला लावा. आमच्या वर्गात पहिल्या फेरीत एकही वही बिनचूक नव्हती. दुसऱ्या फेरीत चुका शोधाव्या लागल्या. तिसऱ्या फेरीसाठी मुलांनीच कुरबूर केली, की ‘ध धनुष्याचा’ आणि ‘ढ ढगाचा’ ठीक आहे, पण ‘द’ला दप्तर आणि ‘ड’ला डमरू यापेक्षा आणखी वेगळे वाटणारे शब्द शोधायला हवेत. इथे प्रयोग खरा सुरू झाला.

आकड्यांचे तर विचारूच नका. सदुसष्ट आणि अडुसष्ट, एकोणसाठ आणि एकोणसत्तर. शांत खोलीतसुद्धा घोटाळा होतो, खरखरीत काय होणार? २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ सात’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता हे शिक्षकांना आठवत असेल. त्या वादात आम्ही पडत नाही. पण रेडिओवर ‘सदुसष्ट’ म्हणायचे नाही, ‘सहा, सात’ असे एकेक अंक म्हणायचे, हा नियम मात्र आम्ही डोळे मिटून पाळतो. ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचे आणि सांगणाऱ्याने ‘बरोबर’ म्हणायचे.

एक गंमतही या पंधरा दिवसांत दिसली. समोरच्याचा आवाज कसा येतो हे दोन अंकांत सांगण्याची पद्धत आहे. पहिला अंक समजण्याजोगेपणाचा, पाचपैकी. दुसरा ताकदीचा, नऊपैकी. म्हणजे ‘पाच-नऊ’ हे पैकीच्या पैकी गुण. कित्येक जण समोरच्याला ‘तुम्ही पाच-नऊ येत आहात’ असे सांगतात आणि लगेच विचारतात, ‘नाव पुन्हा सांगा, कळले नाही.’ उत्तरपत्रिका न वाचता गुण देण्याची ही सवय आपल्याकडेच असते असे नाही.

सोळाव्या दिवशी बोललो. संवाद दोन मिनिटांचा होता. कॉलसाइन, नाव, गाव, आवाज कसा येतो, संच कोणता. समोरच्या गृहस्थांनी मराठीतच चौकशी केली आणि शेवटी ‘सेव्हन्टी थ्री’ म्हटले. तारायंत्राच्या काळापासून चालत आलेला हा संकेत, अर्थ ‘शुभेच्छा’. आमचा तळवा घामाने ओला झाला होता.

वाया न गेलेली तार

हातसंचावर महिनाभर बोलल्यावर लघुलहरींची ओढ लागतेच. इथे नवखा माणूस पहिली चूक करतो ती जास्त ताकदीचा संच शोधण्याची. हिशेब करून पाहू. संचावरच्या ताकद मोजणाऱ्या काट्याचा एक अंक वर जाण्यासाठी शक्ती चौपट करावी लागते. म्हणजे शंभर वॉटऐवजी चारशे वॉट पाठवले तर ऐकणाऱ्याचा काटा सातवरून आठवर जाईल, बस. पाच वॉट आणि शंभर वॉट यांत केवढा फरक वाटतो! पण काट्यावर तो दोन अंकांपेक्षा थोडाच जास्त. उलट दोन मीटरच्या पट्ट्यात पातळ, स्वस्त केबल वीस मीटर वापरली तर पाच वॉटपैकी अँटेनापर्यंत साधारण दोनच पोहोचतात. बाकीच्यांनी केबल किंचित गरम होते. पैसे असतील तर ते आधी तारेवर आणि केबलवर घालावेत, हे आमचे स्पष्ट मत आहे.

चाळीस मीटरचा पट्टा, म्हणजे ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ, हा आपल्याकडे गप्पांचा पार आहे. त्यासाठीची सर्वात साधी अँटेना म्हणजे मधोमध केबल जोडलेली अर्ध्या तरंगलांबीची तार. लांबी काढू. ३०० भागिले ७.१ म्हणजे ४२ मीटरच्या थोडी वर तरंगलांबी. तिची निम्मी २१. तारेच्या टोकांच्या परिणामामुळे ती पाच टक्के आखूड घ्यावी लागते. म्हणजे साधारण २० मीटर. घरातल्या वायरिंगची तांब्याची तार, मध्ये आणि टोकांना पीव्हीसी पाइपचे तुकडे, बांधायला नायलॉनची दोरी. खर्च संचाच्या मानाने नगण्य.

आम्ही तार कापली आणि शाळेच्या गच्चीवर चढवली. काटा सांगत होता की पाठवलेली बरीचशी शक्ती परत येते आहे. जोड पुन्हा केले, केबल बदलली, फरक नाही. एका नववीच्या मुलीने खाली उभे राहून विचारले, ‘सर, वीस मीटर एकूण ना? मग तुम्ही दोन्ही बाजूंना वीस-वीस का लावली?’

परत येणारी शक्ती म्हणजे काय हे दोरीने दाखवता येते. दोरीचे एक टोक खांबाला घट्ट बांधा आणि दुसऱ्या टोकाला झटका द्या. लाट खांबापर्यंत जाऊन परत येते. त्याच दोरीच्या शेवटी तशीच दुसरी लांब दोरी जोडलेली असेल तर लाट पुढे निघून जाते. केबलला अँटेना ‘आपल्यासारखी’ वाटली तर शक्ती पुढे जाते, परकी वाटली तर उलट फिरते. जाणाऱ्या आणि येणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळून स्थिर लहरी तयार होतात आणि त्यांचे गुणोत्तर मीटरवर दिसते. दीड असेल तर चार टक्के शक्ती परतते, दोन असेल तर अकरा, तीन असेल तर पंचवीस. दोनच्या खाली असेल तर नवख्याने समाधानाने कामाला लागावे. एकावर एक आणण्याच्या नादात आठवडे घालवणारे लोक आहेत, त्यांचा छंद मीटर हाच असतो.

आमची चाळीस मीटर लांबीची तार फुकट गेली नाही. ती साडेतीन मेगाहर्ट्झच्या, म्हणजे ऐंशी मीटरच्या हॅम पट्ट्यावर चपखल बसली. रात्री तिच्यावर ऐकत बसलो.

दोन सूचना. विजेच्या तारांच्या जवळपास, वर किंवा खाली अँटेना कधीही ताणू नये. यात सवलत नाही. आणि वळवाचे ढग दिसले की केबल संचातून काढून बाहेर टाकावी.

आकाशातला आरसा

सात मेगाहर्ट्झच्या लहरी सरळ रेषेच्या बंधनात नसतात. दोनशे ते चारशे किलोमीटर उंचीवर सूर्याच्या अतिनील किरणांनी हवेचे आयन झालेले असतात. तिथून या लहरी वळून जमिनीवर येतात. आमची तार गच्चीपासून फार उंच नाही, त्यामुळे ती बरीच शक्ती सरळ वर फेकते. दूरच्या देशांसाठी हे वाईट, पण दोनशे-चारशे किलोमीटरसाठी उत्तम. डोक्यावर फवारा मारावा आणि पाणी भोवताली पडावे तसे. दुपारी पुण्याहून कोल्हापूर किंवा नागपूर अशाने सहज मिळते. रात्री वरचा थर विरळ झाला की सरळ वर गेलेल्या लहरी आरपार निघून जातात, तिरप्या गेलेल्या तेवढ्या परततात. मग जवळचे कोल्हापूर गायब होते आणि हजारो किलोमीटर दूरचे बोलणे कानाशी येते. पहिल्यांदा हे घडले तेव्हा आम्ही संच बिघडला असे समजून दुरुस्तीला निघालो होतो.

या थरांचा एक पुरावा घरच्या साध्या मध्यम लहरींच्या रेडिओवरही मिळतो. साठ ते नव्वद किलोमीटरवर आणखी एक थर दिवसा असतो. तो या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो. विद्यार्थ्यांना दुपारी एकदा आणि रात्री नऊनंतर एकदा मध्यम लहरींचा काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवून किती केंद्रे आणि कोणत्या भाषा ऐकू येतात ते लिहायला सांगा. दोन याद्या शेजारी ठेवल्या की थर कुठे आहे हे चित्र न काढता समजते. एलईडीचा दिवा आणि मोबाइलचा चार्जर बंद ठेवायला मात्र विसरू नका, त्यांची खरखर फार.

हा आरसा सापडण्यात हौशी लोकांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत १९१२च्या कायद्याने हौशी लोकांना दोनशे मीटर आणि त्याहून आखूड लहरींत ढकलले गेले. दूरच्या संपर्काला त्या निरुपयोगी आहेत असे तेव्हाच्या तज्ज्ञांचे मत होते. अडगळीची जागा मिळाली म्हणून ही मंडळी तिथेच खटपट करत राहिली. नोव्हेंबर १९२३मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरातून लिओं देलुआ आणि अमेरिकेतून फ्रेड श्नेल यांनी सुमारे ११० मीटरवर अटलांटिकपार दुतर्फा संवाद साधला. मग मोठ्या कंपन्या आणि सरकारे त्या अडगळीकडे धावली.

आता संगणक जोडून बोलण्याची नवी तऱ्हा आहे. एफटी-८ ही २०१७ साली आलेली पद्धत कानाला जवळजवळ ऐकू न येणारा संदेशही उलगडते. ती तयार करणाऱ्यांपैकी जो टेलर यांना १९९३चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले होते, पल्सारच्या संशोधनासाठी. खरखरीतून अंधूक संकेत वेचण्याची विद्या तिकडची इकडे आली. आम्हाला मात्र माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय करमत नाही.

मुलांना सर्वात जास्त आवडले ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. ते १४५.८०० मेगाहर्ट्झवर पाठवते. साधारण चारशे किलोमीटरवरून जाताना ते दहाएक मिनिटे आपल्या क्षितिजाच्या वर असते. उगवताना वारंवारता साडेतीन किलोहर्ट्झने जास्त आणि मावळताना तेवढीच कमी भासते, म्हणजे डॉप्लरचा परिणाम गच्चीवर उभ्याने मोजता येतो. कधी तिथून चित्रेही येतात, एका चित्राला सुमारे दोन मिनिटे. जुलै २०२५मध्ये शुभांशु शुक्ला तिथे असताना त्यांनी हॅम रेडिओवरूनच भारतातल्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली होती.

वही कोण लिहिते?

डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला गेले होते. हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेने ही मोहीम आखली होती. अंदमानातून अनेक वर्षे हॅमचा आवाज आला नव्हता, त्यामुळे व्हीयू४आरबीआय या कॉलसाइनशी एक संवाद व्हावा म्हणून जगभरचे लोक रांगा लावून होते. निव्वळ छंदाचे काम. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, त्सुनामी आली आणि बेटांचा उर्वरित भारताशी असलेला नेहमीचा संपर्क कोलमडला. तेव्हा छंदासाठी उभारलेली तीच तार आणि तोच संच मुख्य भूमीकडे बातमी नेणारा दुवा झाला. माणसे सुखरूप आहेत की नाहीत, याचे निरोप त्यावरून गेले. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर आणि २००१च्या भुजच्या भूकंपानंतरही हॅम संच घेऊन पोहोचले होते.

असे ऐकले की नव्या परवानाधारकाचे रक्त उसळते. आमचेही उसळले. म्हणून शहरातल्या मंडळींनी आपत्तीचा सराव ठरवला तेव्हा आम्ही तिघेही संच घेऊन हजर झालो. सरावातला प्रसंग पुराचा होता. एक जण नियंत्रक, बाकीचे वेगवेगळ्या ठिकाणी. आमच्याकडे एका शाळेच्या छावणीचा निरोप घेण्याचे काम आले. निरोप असा होता, की अमुक छावणीत साठ माणसे आहेत, सहा जणांना तातडीने औषध हवे. आम्ही उत्साहात पहिला भाग ऐकला आणि ‘समजले’ म्हणून बटण सोडले. परत म्हणून दाखवले नाही. पुढे आम्ही तो निरोप ‘सहा माणसे’ असा दिला. सराव होता म्हणून सगळे हसले. परतताना आम्ही तिघे फारसे बोललो नाही.

आता आम्ही अशा वेळी काय करतो ते सांगतो. नियंत्रकाने विचारल्याशिवाय बटण दाबत नाही. एकाच वेळी दोघे बोलले तर दोघांचेही जाते, तेव्हा मदत करायच्या घाईने घातलेली हाक एखाद्याचा खरा निरोप बुजवू शकते. निरोप आला की वेळ, पाठवणारा, ज्याच्यासाठी आहे तो आणि मजकूर असा वहीत लिहितो, नावे अक्षराअक्षराने, आकडे एकेक. शब्द बदलत नाही, ‘सुधारत’ नाही. शिक्षकाला हे फार जड जाते. मग पूर्ण निरोप परत वाचतो. समोरून ‘बरोबर’ आल्यावरच पेन खाली. नव्या माणसाकडे बहुधा ही वहीच येते, आणि ती बिनचूक लिहिणारा मिळाला तर जुने लोक त्याला सोडत नाहीत.

या वहीची सवय रोजच्या लॉगबुकातून लागते. प्रत्येक संवादाची तारीख, वेळ, वारंवारता, कॉलसाइन आणि आवाजाचा अहवाल लिहायचा. वेळ जगभर एकच, म्हणजे ग्रिनिचची. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे. खाडाखोड करायची नाही, चुकले तर एक रेघ मारून पुढे लिहायचे. आमच्या लॉगबुकात लघुलहरींवरचा पहिला संवाद पहाटे चारचा आहे आणि त्यापुढे त्या दिवसाची तारीख घातलेली आहे. खरे तर ग्रिनिचला तेव्हा आदल्या रात्रीचे साडेदहा वाजले होते. चूक दोन महिन्यांनी समोरच्याचे पोचपावतीचे कार्ड आले तेव्हा कळली. त्यावरची तारीख एका दिवसाने मागची होती. आम्ही त्या ओळीवर एक रेघ मारली, खाली बरोबर तारीख लिहिली आणि कार्ड तिथेच चिकटवून ठेवले.